डुलणाऱ्या खुर्च्या

मोरेश्वर मूळचा कराडकडचा. जपानातल्या त्सुकुबात संशोधन करता करता केस पिकले, तेव्हा भारताचा पासपोर्ट सोडून तो जपानी झाला. यंदा त्याचं इथलं पहिलंच मत. इथं मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव पेन्सिलीनं आपल्या हातानं लिहायचं असतं, म्हणून तो रोज जपानी अक्षरं गिरवत होता.

टीव्हीवर पक्षप्रमुखांचा वाद चालला होता. तांदूळ दुप्पट महागलेला, अन् एकजण सांगत होता, "जनतेनं थोडी कळ सोसली, तर..."

"ह्यो भात खात न्हाई व्हय गं?" मोरेश्वरनं बायकोला विचारलं.

"खातोय की. इकत आणत नसंल," अरुणा म्हणाली.

तेवढ्यात फोन किंचाळले. भूकंप. दोघं टेबलाखाली शिरली. पडद्यावरचे पुढारीही खाली गेले. घर थांबलं, तरी तिकडं रिकाम्या खुर्च्या डुलतच होत्या. मग पुढारी वर आले, अन् तोच माणूस तुटलेलं वाक्य जोडून म्हणाला, "...सगळं सुरळीत होईल." धक्क्याचं नाव कुणीच काढलं नाही.

"अवं, मला खुर्च्या अजून रिकाम्याच दिसत्यात," अरुणा हळूच म्हणाली.

रविवारी मतदान केंद्रात त्यानं पेन्सिल उचलली. सगळी नावं पाठ होती. पण एकेक नाव आठवलं की डोळ्यांपुढं खुर्ची डुलायची. त्यानं कागद कोराच दुमडला.

"कुणाला दिलंसा?" अरुणानं विचारलं.

"हुतं कोण तिथं?"