हमरापूरची आखणी

रोह्याहून सकाळची गाडी पकडली तेव्हा फोन माझ्या कानाला होता, आणि तिथंच घोळ झाला. निडी गेलं, नागोठणे गेलं, पेण गेलं. मी आपली समीनाला अहवालाचं तिसरं पान दुरुस्त करायला सांगतेय. जिथं उतरायचं ते हमरापूर कधी मागं पडलं कळलंच नाही. पुढच्या स्टेशनवर, जित्याला उतरले, स्वतःवरच चिडले आणि रिक्षा करून मागं आले.

समीना संस्थेत माझ्या हाताखाली काम करते. आमचं काम नेपाळातही आहे, आणि ते पुढं चालणार की बंद पडणार हे त्याच दुपारी चार वाजता ठरायचं होतं. मदत देणाऱ्या परदेशी मंडळींपुढं समीना पहिल्यांदाच एकटी बोलणार होती. मी रोह्यात प्रशिक्षणात अडकलेली. देशोदेशी काम करणाऱ्या संस्थांच्या प्रमुखांचा वर्ग, सगळे पिकल्या केसांचे विद्यार्थी. शिकवणाऱ्या केनियाच्या बाईंनी त्या दिवशी एकेकाला एकेका कारखान्यात धाडलं होतं. मालकाशेजारी बसायचं, काही विचारायचं नाही, काही शिकवायचं नाही. मनात म्हटलं, हे कसलं डोंबलाचं प्रशिक्षण!

हमरापुरातला कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची शेड. मालकीण सुलभाताई, साठीच्या. ओळीनं रंगवलेले गणपती मांडलेले, फक्त डोळे राहिलेले. डोळे काढण्याच्या कामाला इथं आखणी म्हणतात. ती आजवर सुलभाताईच करत. यंदा त्यांची सून मानसी करत होती. आणि सुलभाताई तिच्याकडे पाठ करून एका बिनरंगाच्या मूर्तीला पॉलिशपेपर घाशीत बसलेल्या. एवढं जोखमीचं काम, आणि बाई ढुंकून बघत नाहीत! मला राहवेना.

"उजवा डोळा जरा वर गेलाय," मी बोलून गेले.

मानसीचा हात हलला आणि काळी रेघ थेट भुवईत घुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानसीनं ओल्या फडक्यानं रेघ पुसली. सुलभाताई वळल्यासुद्धा नाहीत. नियम मोडलाच होता, म्हणून विचारलं, तुम्ही बघत का नाही?

"मी बघितलं का तिचा हात कापतो गो," त्या म्हणाल्या. "चुकंल, पुसंल, परत काढंल. मीच काढाया बसले तर तिला कधी यायचं?"

"जिवाची घालमेल होत नाही?"

"व्हते ना. म्हणून तर घासतेय. सकाळपासून हीच मूर्ती तिसऱ्यांदा हाय."

दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) वाढलं.

साडेतीनला हमरापूर स्टेशनवर समीनाचा फोन आला. बैठकीची लिंक पाठवते, तुम्ही नुसतं ऐका, मी अडले तर बोला, असं म्हणत होती. 'पाठव' अगदी जिभेवर आलं होतं.

"नको. तूच बोल," म्हटलं आणि फोन पिशवीच्या तळाशी टाकला.

गाडीत खिडकीपाशी बसले. कासूच्या पुढं दोन्ही अंगांना भाताची खाचरं होती, पण त्यांचं वर्णन माझ्याकडून होणार नाही. मी पिशवीची चेन उघडत होते आणि लावत होते.

निडी मागं पडता पडता फोन वाजला. नेपाळचं काम चालू राहणार होतं. माझे डोळे भरून आले.

"आणि मॅडम, तुमचं पहिलं पान मी वगळलं. फार लांबत होतं."

खरं सांगते, राग आला. बारा वर्षं दर अहवालाचं ते पान मीच लिहितेय. समीना दोनदा 'हॅलो' म्हणाली, तेव्हा कुठं माझ्या तोंडून "बरं केलंस" निघालं.

रोह्यात केनियाच्या बाई प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाशीच भेटल्या. आज काय केलंत, म्हणून त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "पण फार दमले."