गच्चीवर आलेली बोट

तुमच्या मावशीची, म्हणजे माझ्या लेकीची, बोट दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढली, तेव्हा बोटीतलं सगळं सामान भिलाईला माझ्या गच्चीवर आलं. मावशी आणि जावई त्या शिडाच्या बोटीवरच राहतात, हे तुम्हाला माहीत आहे. आतली जागा आपल्या स्वयंपाकघराएवढी. बसायच्या बाकाखाली कप्पे, झोपायच्या फळीखाली कप्पे, पायाखालच्या जमिनीतही कप्पे. जमीनच उखडायची होती, म्हणून सगळे रिकामे करावे लागले. जावई केरळात बोटदुरुस्तीच्या यार्डात थांबले आणि मावशी पिशव्या घेऊन रेल्वेने आली. तिकडच्या हवेत काही वाळत नाही, आपल्या मे महिन्यात सगळं वाळतं, असं तिचं म्हणणं.

तुमच्या आईचा फोन आधीच येऊन गेला होता. "आता ती घरी आहे, तर तूच बोल. परत जाऊ देऊ नको. माझं तर ती ऐकतच नाही." मलाही तेच हवं होतं. वैशाली नगरच्या या घरात वरची खोली रिकामीच असते. पण बोलायला तोंड उघडलं की मी भलतंच विचारायची. चहा ठेवू का? पंखा वाढवू का? शेवटी मी सामानाला हात घातला. मन लागेनासं झालं की मी कपाटं आवरायला काढते, हे तुमच्या आईला चांगलं ठाऊक आहे.

समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा उन्हात कडक होतो आणि संध्याकाळी पुन्हा दमट लागतो. मीठ ओल ओढतं. म्हणून चादरी, टॉवेल, शिडाच्या पिशव्या, सगळं मी नळाच्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढलं. पाणी खारट लागेनासं होईपर्यंत. मग उरलेल्या सामानाची वर्गवारी सुरू केली. मावशीने प्रत्येक कप्प्याची वेगळी पिशवी केली होती आणि एकीतही काही धड नव्हतं. कुकरची रबरं, टॉर्च, सुतळी आणि त्यात एक लाकडी भोवरा. औषधं, मोजे आणि पुन्हा एक भोवरा. टोकाला आर नाही, वर दोरी बांधलेली. या वयात भोवरे खेळतात की काय दोघं, असं म्हणत मी ते सगळे मिठाईच्या रिकाम्या डब्यात घातले आणि शाळेत शिकवतानाच्या सवयीने डब्यावर इंग्रजीत लेबल लावलं. एकाचं डोकं ठेचून फाटलं होतं. तो भंगारात टाकला.

दुपारी मावशी झोपून उठली, गच्चीवर आली आणि पिशव्या उलट्यापालट्या करू लागली.

"आई, बुचं कुठं गेली?"

"कोणती बुचं?"

"लाकडाची. हरेक पिशवीत एक होतं."

"ते भोवरे? डब्यात आहेत ना. लेबल वाच."

तिने डबा उघडला. "सगळे एका जागी? हे काय करून ठेवलं तू!"

"एका जातीची वस्तू एका ठिकाणी ठेवावी. तुम्ही नुसता पसारा करून राहता."

"तुझी शाळा नाही ना ते! बोटीच्या तळाला भोकं असतात, आई. इंजिनाला पाणी घ्यायचं, मोरीचं सोडायचं. भोकावरचा वाल्व नाहीतर पाइप तुटला तर हे ठोकायचं. म्हणून ज्याचं त्याच्याजवळ टांगलेलं असते. पाणी घुसल्यावर मी काय मिठाईचा डबा शोधत बसू?"

मग तिला भंगारातला तो ठेचलेला दिसला. "हे कावून फेकलं?"

"खराब झालं होतं."

"मीच ठोकलं होतं ते," ती म्हणाली. आपण काय बोलून गेलो ते तिच्याही लक्षात आलं.

"केव्हा ठोकलं?"

"झालं ते आता. सोड."

"मले सांग."

तिने सांगितलं. दुपारची वेळ, किनारा दिसत नाही, आणि जमिनीच्या फटीतून पाणी वर येऊन राहिलं. जावई पंप मारत होते. ही पोटावर पडून, गढूळ पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून भोक चाचपत होती. हाताला पाण्याची धार लागली, तिथे बूच बसवलं आणि हातोडी मारत सुटली.

"मग?"

"मग काय? पाणी उपसलं, चहा केला."

"आणि मले फोनवर काय सांगितलं होतं?"

"मासे ताजे मिळाले म्हणून सांगितलं असेल."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. वाळलेल्या चादरी मी पुन्हा झटकल्या, पुन्हा घड्या केल्या. कोणतं बूच कोणत्या पिशवीतून काढलं ते मला आठवत होतं, म्हणून ती पिशवी पुढे करायची आणि मी तिच्या हातात बूच द्यायची. ठेचलेल्याची पिशवी तेवढी बुचावाचून राहिली.

दुसऱ्या दिवशी नवं बूच करून घ्यायला आम्ही स्कूटीवर जवळच्या उतईला गेलो. तिथे लाटणी घडवणारा एक सुतार आहे. त्याने ठेचलेलं बूच हातात फिरवून पाहिलं आणि सागवानाचं करून देतो म्हणाला.

"सागौन के बना देथंव दाई, जिनगी भर चलही."

"नहीं भैया, हलकी लकड़ी चाहिए," मावशी म्हणाली. "पानी में फूले, तभी छेद बंद होगा."

"कामा के छेद?"

"नाव का."

तो माझ्याकडे बघू लागला. "त नाव म छेद काबर करथव?"

नावेला भोकं पाडताच कशाला, हा माझाही प्रश्न होता. "पूछव, पूछव," मी म्हटलं. मावशीने मला कोपराने ढोसलं.

परतताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना. त्या खडखडाटात मी तिच्या पाठीमागून म्हटलं, "जाऊ नको परत."

तिने ऐकलं. गाडीचे बरेच डबे जाऊ दिले. "बाबा प्लांटात फर्नेसवर ड्यूटीला जायचे. तू त्यांना जाऊ नका म्हणली होती का कधी?"

"म्हणली होती. लग्न झालं त्या वर्षी."

"मग?"

"डबा उचलला आणि गेले."

ती हसली नाही. "मले तिथंच बरं वाटते, आई. भीती वाटते, तरी बरं वाटते."

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवू लागले.

पावसाळ्याआधी ती बोटीवर परत गेली. तेव्हा तुमच्या आईला सांगा, मी बोलले नाही असं नाही. बोलले आणि ती गेली. आता तिचा फोन आला की मी तब्येत नंतर विचारते.

"मोरीचा वाल्व पाहिला?"

"पाहिला."

"इंजिनाचा?"

"आई, तू काय इन्स्पेक्टर आहे का?"

"पाहिला की नाही ते सांग."

ती फोन खाली ठेवून बघायला जाते. ती परत येईपर्यंत मी इकडे हातात फोन धरून घरभर फिरत असते.