तीन वर्षांचे सर्व्हर

त्या सोमवारी आमचा इंजिनिअर पेढे घेऊन ऑफिसला आला आणि ते पेढे कुणी खाल्लेच नाहीत. संध्याकाळी मी डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हाही माझं डोकं बधिरच होतं.

आमचं ऑफिस कोथरूडला, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो आम्ही. मेंटेनन्सची बिलं, गेटवरच्या नोंदी, पार्किंगवरून होणाऱ्या भांडणांच्या तक्रारी, सगळं त्यात. माणसं मोजकीच. मी हिशेब बघते, आणि हिशेब सोडून जे कुणीच बघत नाही तेही बघते. मालकांना सगळे सर म्हणतात. साठीच्या जवळ आलेले, शर्टाच्या खिशाला पेन, आणि बोलणं असं की समोरच्याला आपला अपमान झालाय हे जिना उतरल्यावर कळावं.

आमचं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरांवर चालतं ते आमचे नाहीत. ते एका मोठ्या कंपनीचे, दूर कुठेतरी गार खोल्यांत ठेवलेले. आम्ही ते भाड्याने वापरतो, जितके तास चालतील तितकं भाडं. त्या कॉम्प्युटरांना सर्व्हर म्हणतात आणि ह्या भाड्याच्या पद्धतीला क्लाउड. बाकी कशालाही न घाबरणारे आमचे सर त्या भाड्याच्या बिलाला घाबरायचे. मी कागद पुढे केला की आधी चष्मा काढायचे. मग मी आकडा तोंडीच सांगायची.

त्यावर उपाय असा होता. रोज तिकीट काढण्याऐवजी बसचा पास काढावा तसं. मी पुढची तीन वर्षं दर तासाला इतका वापर करीनच, असा शब्द त्या कंपनीला द्यायचा. मग दर बराच उतरतो. अट एकच. पास काढून घरी बसलात तरी पैसे परत मिळत नाहीत. वापर कमी झाला तरी कबूल केलेलं भाडं भरायचंच.

त्या कंपनीतली एक मुलगी सरांना महिनाभर फोन करत होती. आवाजात साखर. सर तिला "विचार करून सांगतो" म्हणायचे, आणि सर असं म्हणाले की ते काम कधी होत नाही हे आम्हाला पाठ होतं. त्यामुळे आम्ही कुणी लक्षच दिलं नाही.

दुसरीकडे आमचा इंजिनिअर त्याच बिलाच्या मागे लागला होता. विश्रांतवाडीहून रोज स्कूटरवर सगळं शहर ओलांडून येणारा, कमी बोलणारा मुलगा. मुलगा म्हणते, पण त्याला स्वतःला शाळेत जाणारी मुलगी आहे. त्याचं म्हणणं, आपले कितीतरी सर्व्हर नुसतेच चालू आहेत. कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी सुरू केले, माणूस नोकरी सोडून गेला, सर्व्हर राहिला. त्याने सरांना विचारलं होतं, बंद करू का? सर म्हणाले होते, "सवडीने बघ. चालू आहे त्याला हात लावून बंद पाडू नकोस म्हणजे झालं."

त्याने सवड काढली ती शनिवार-रविवारची. घरी बसून एकेक सर्व्हर तपासला आणि बंद केला.

सोमवारी पेढ्यांचा डबा सरांच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सर, निम्मे बंद केले. एकही तक्रार नाही. निम्मा वापर नुसता वाया जात होता."

मी टाळी वाजवायला हात वर केले होते. सरांचा चेहरा बघितला आणि हात तसेच राहिले.

"कधी केलंस?" सरांनी विचारलं.

"शनिवारी आणि काल."

सरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर त्या कंपनीचा आभाराचा मेल होता. सरांनी शुक्रवारी संध्याकाळी, आम्ही सगळे घरी गेल्यावर, तीन वर्षांचा शब्द देऊन टाकला होता. तेव्हाच्या वापराइतका, पूर्ण.

इंजिनिअरने तो मेल वाचला. पुन्हा वाचला. त्याचा चेहरा उतरत गेला तो मला दिसत होता. बिल कमी व्हावं म्हणून एकाने शब्द दिला, बिल कमी व्हावं म्हणून दुसऱ्याने सर्व्हर बंद केले. दोघेही बरोबर. आणि आता आम्ही पुढची तीन वर्षं, बंद केलेल्या सर्व्हरचं भाडं भरणार होतो.

"मला सांगायचं ना सर," तो अगदी हळू म्हणाला.

मला वाटलं आता स्फोट होणार. सरांना असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सर म्हणाले, "हो. सांगायला पाहिजे होतं." आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मला त्या तीन वर्षांपेक्षा ह्या वाक्याचा धक्का जास्त बसला.

दुपारी इंजिनिअरने राजीनामा लिहून आणला. मी म्हटलं, अरे, तुझी काय चूक? तो म्हणाला, "ताई, बंद करणार आहे हे मी शुक्रवारीच सरांना सांगितलं असतं तर?" मी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी वाचला, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुकांवर पेनाने खूण केली आणि त्याला परत दिला. "हे दुरुस्त कर. आणि फाडून टाक," म्हणाले. तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी आला.

त्या साखरेच्या आवाजाच्या मुलीला मी फोन लावला. तिला खरंच वाईट वाटलं असावं, पण उत्तर तेच. दिलेला शब्द मागे घेता येत नाही, विकता येत नाही, कमीही करता येत नाही. "मॅम, तुम्ही वापर वाढवू शकता," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि चिडून बसले. वापर वाढवू शकता! ताटात जास्त वाढलं गेलंय तर पोट वाढवा म्हणण्यासारखं ते.

सरांना सांगितलं, तर त्यांनी मात्र ते वाक्य सोडलं नाही. दोन-तीन दिवसांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "हिंजवडीला फोन लावा. मला भेटायला यायचंय म्हणून सांगा."

"हिंजवडीला कुणाला?"

सरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि मी खुर्चीत बसले, त्यांनी बसा म्हणायच्या आत.

हिंजवडी म्हणजे सरांचे जुने भागीदार. दोघं इंजिनिअरिंगला एका बाकावर होते, दोघांनी मिळून ही कंपनी काढली. मी नोकरीला लागले तेव्हा दोघांची टेबलं समोरासमोर होती, आणि त्यांचे रोजचे वाद जिन्यापर्यंत ऐकू यायचे. मग एक दिवस त्यांच्यात काय झालं देव जाणे, भागीदार निघून गेले आणि हिंजवडीत शाळांसाठी सॉफ्टवेअर करायला लागले. आमचे दोन मोठे ग्राहकही त्यांच्याकडे गेले. त्यानंतर सरांनी त्यांचं नाव काढलं नव्हतं. कुणी चुकून काढलं तर म्हणायचे, "कोण? मी ओळखत नाही." भागीदारांचे वडील वारले तेव्हाही सर गेले नव्हते. मी गेले होते, आणि ते मी सरांना सांगितलं नव्हतं.

मी फोन लावला. कुणाचा फोन आहे ते सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "या म्हणावं."

आम्ही सरांच्या गाडीतून निघालो. हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकात नेहमीसारखी गाड्यांची दावण लागलेली. कंपन्यांच्या बसमध्ये पोरं मान टाकून झोपलेली. मी रस्ताभर मनात तयारी करत होते, दोघं काय बोलतील, किती ओढून धरतील, मी कुठे मध्ये पडायचं.

भागीदारांची इमारत त्यांच्या वडलांच्या शेतावरच उभी आहे. कधीकाळी तिथे ऊस होता म्हणतात. ते खाली दारातच उभे होते. केस सगळे पांढरे, पोट सुटलेलं. माझ्याकडे बघून हसले. सरांना म्हणाले, "बरा हायेस का?"

"बरा आहे," सर म्हणाले. दोघांनी हात मिळवले नाहीत.

वर केबिनमध्ये चहा आला. मला वाटलं सर आडून सुरुवात करतील. सरांनी कपाला हातसुद्धा लावला नाही.

"मी एक चूक केलीये," ते म्हणाले. "तीन वर्षांचे सर्व्हर कबूल करून बसलोय आणि त्यातले निम्मे मला लागत नाहीत. तुझं सॉफ्टवेअर माझ्या खात्यावर चालव. तू आत्ता जे भाडं देतोस त्यापेक्षा तुला कमी पडेल. माझं वाया जाणारं वाचेल. नाही म्हणालास तरी चालेल. पण विचारायला दुसरं कुणी नाही."

मी थक्क होऊन बघत राहिले. इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर काम केलं, पण हा माणूस मी आधी पाहिलेला नव्हता.

भागीदार आधी मोठ्याने हसले. मग हसणं थांबलं. ते उठले आणि केबिनबाहेर निघून गेले.

आम्ही दोघं बसून राहिलो. चहावर साय धरली. मी म्हटलं, "सर, निघू या का?" सर म्हणाले, "बसा."

भागीदार परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक तरुण बाई होती. "ही आमची मुख्य इंजिनिअर," ते म्हणाले. "हिला सगळं सांग. जमतंय म्हणाली तर जमलं." मग दारात थबकून म्हणाले, "आणि एक सांगतो. ते दोन ग्राहक मी नेले न्हवते. ते माझ्यामागं आले. तू एकदा तरी इचारायचं."

"आता विचारतो," सर म्हणाले.

"आता काय उपयोग?"

"मग नाही विचारत."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी चहाच्या कपात बघितलं.

काम जमलं, पण सरळ जमलं नाही. करारमदार झाले, वकील झाले, क्लाउड कंपनीला रीतसर विचारून झालं. त्यांच्या त्या इंजिनिअर बाई आणि आमचा विश्रांतवाडीचा, दोघं फोनवर तासन्‌तास बोलायचे. पहिल्याच आठवड्यात एका शाळेच्या निकालाच्या दिवशी सगळं अडकलं. भागीदारांचा फोन मी घेतला आणि त्यांनी ज्या शब्दांत सुरुवात केली ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आमच्या इंजिनिअरने स्वतःच बंद केलेल्यांतले आणखी काही सर्व्हर पुन्हा सुरू केले, आणि तासाभरात निकाल दिसायला लागले. गंमत म्हणजे त्याचा वेगळा एक पैसा पडला नाही. ते भाडं आम्ही आधीच कबूल करून बसलो होतो! फोन ठेवल्यावर आमचा इंजिनिअर स्वतःशीच हसला. त्या सोमवारनंतर तो पहिल्यांदा हसला होता.

सगळी भरपाई झाली असं नाही. अजून थोडा वापर रिकामा जातोच, आणि दर महिन्याला तो आकडा मी सरांना सांगते. आता सर चष्मा काढत नाहीत.

त्या दोघांची पुन्हा मैत्री झाली का, असं मला घरी विचारतात. मला सांगता येत नाही. सणावाराला एकमेकांकडे जाणं नाही, कौतुक नाही. कामापुरते फोन होतात. पण परवा भागीदार आमच्या ऑफिसला आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मुदत संपायला अजून वेळ आहे, तरी पुढचं ठरवायला हवं म्हणून. दार लोटलेलं होतं. मी फाइल घेऊन बाहेर उभी होते आणि आतून आवाज चढत गेले.

"पुढचा पास एका वर्षाचाच घ्यायचा," सर म्हणत होते. "दर थोडा जास्त पडला तर पडू दे."

"मुळात घाबराट तू. तीन वर्षांचा घे, पण थोडक्याचा घे. जेवढं नक्की लागतं तेवढ्याचाच. वरचं रोजच्या भावानं."

"हे तू मला शिकवणार?"

"मग कोण शिकवणार? एकट्यानं केलंस तवा काय झालं ते बघितलं की!"

मी इंजिनिअरकडे बघितलं. त्याने त्यांना असं भांडताना कधी ऐकलं नव्हतं, तो उठून उभाच राहिला. "ताई, मध्ये जाऊ का?" म्हणाला.

मी नको म्हटलं. फाइल तशीच हातात धरून मी बाहेरच थांबले.