पानाला कुलूप, फाइल उघडी

दिगंबर नानांची आणि माझी ओळख पिंप्राळ्यातल्या माझ्या संगणक वर्गात झाली. धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आत येऊन बसले आणि विचारलं, "ताई, पासवर्ड टाकला म्हणजे नेमकं काय बंद होतं?" मला वाटलं, यांचा वेळ जात नसावा. मी थातुरमातुर उत्तर दिलं आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते.

पुढे ते आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे चिटणीस झाले आणि संकेतस्थळाचं काम त्यांनी मला दिलं. पूर्वी मेळाव्यात परिचय पुस्तिका वाटायचे. आता सभासदांनी लॉगिन करून स्थळं पाहायची होती. पुस्तिकेच्या सवयीने मी प्रत्येक बायोडाट्याला अनुक्रमांक दिला आणि फाइलचं नावही तेच ठेवलं.

काही महिन्यांनी एरंडोलच्या एका मुलीला अनोळखी लोकांचे घाणेरडे फोन येऊ लागले. तिचा बायोडाटा कुठल्या कुठे फिरत होता. ती धुळ्याला प्रयोगशाळेत नोकरी करायची. वडिलांनी तिला घरी आणून बसवलं. मंडळात जो तो 'कोणी केलं?' म्हणून एकमेकांकडे बोट दाखवत होता. नाना मात्र 'हे झालं कसं असेल?' याच विचाराने झपाटले होते.

एका दुपारी ते वही घेऊन आले. लॉगिन न करताच त्यांनी वहीत उतरवून घेतलेला एका फाइलचा पत्ता सावकाश टाइप केला. बायोडाटा उघडला. शेवटचा आकडा बदलला, तर दुसऱ्याच घरची मुलगी समोर. नाना म्हणाले, "पानाला कुलूप आहे ताई, फाइल उघडीच आहे."

मी फणकारले, "असे आकडे बदलत कोण बसणार?"

"मी बसलो ना!"

चूक सरळ माझी होती. मग सगळ्या फायली थेट पत्त्याने पोचता येणार नाही अशा जागी हलवल्या. मागणारा सभासद आहे का, हे प्रत्येक वेळी तपासूनच फाइल हाती द्यायची, असं केलं. जुने पत्ते नानांनी स्वतः एकेक टाइप करून पाहिले आणि प्रत्येक नकाराला खुशीत टाळी वाजवली.

मग ते मला घेऊन एरंडोलला गेले. माझं नाव त्यांनी सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. पण मुलीच्या वडिलांपुढे हात जोडून ते म्हणाले, "आबा, चूक आमनी शे, तुमनी पोरनी नही. मंग शिक्षा तिले काबर?" शिक्षा मुलीला का, हा प्रश्न वडिलांना पटला असावा. त्याच आठवड्यात मुलगी धुळ्याच्या बसमध्ये बसली.

नानांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हा प्रसंग लिहू का, असं मी तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "लिहा, फक्त माझं नाव नको. आणि नानांना सांगा, माझी चूक नाही हे आमच्या घरात पहिल्यांदा तेच बोलले."

नाना, हे बोलणारं माणूस आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हवं आहे. शंभरी गाठा, आणि ठणठणीत राहून गाठा.