दोन मापं मोठा शर्ट

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी कित्येक वर्षं एक खोटी गोष्ट सांगत आलो. माझा फ्लॅनेलचा शर्ट नेहमीच दोन मापं मोठा. "आज शर्ट एकटाच आलाय, की आत तुम्हीही आहात?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "काय करणार! सेल दिसला की आमच्या हिला माप दिसत नाही." सगळे हसायचे. मीही हसायचो.

खरं ते असं. थंडी सरत आली की सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात उरलेल्या गरम कपड्यांचा सेल लागतो. तिथे ही पाट्या वाचत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, नजर भलतीकडेच, आणि बोटांनी कापड चाळत जायचं. हात थांबला की समजावं, अस्सल सुती फ्लॅनेल, दोन्ही बाजूंनी लव असलेलं. मग त्यातला सर्वांत मोठा शर्ट माझ्यासाठी.

कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा कोरं कापड लावायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी वापरायचं, तिने धुवायचं, आणि घरात बाळ यायचं असलं की उसवून झबली शिवायची. मोठ्या शर्टाच्या नुसत्या पाठीत दोन निघतात. आमची मुलं, मग नात, सगळी माझ्याच शर्टांत वाढली. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी चार लोक हसतात म्हणून मी तिला हावरी ठरवलं.

आता नातीलाच दिवस गेलेत. पण मधुमेहाने हिच्या बोटांची जाणीव गेली आहे. यंदा सेलमध्ये तिने ढिगात हात घातला, बराच वेळ फिरवला आणि बाहेर काढला.

"अहो, काहीच कळत नाहीये."

मी दोन-तीन शर्ट चाचपले. मला सगळे सारखेच लागले.

मग तिने एक शर्ट उचलून गालाला लावला. डोळे मिटले. ठेवला. दुसरा घेतला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आजी, वास येतोय का हो?"

"वास नाही. बाळ झोपेल का, ते बघतेय."

राखाडी चौकड्यांच्या एका शर्टावर तिचा चेहरा असा निवला, की मी पिशवी पुढे करायचंच विसरलो. इतकी वर्षं मी या बाईशेजारी नुसता पिशवी धरून उभा होतो. काय चाललंय ते मला दिसलंच नव्हतं.

बाळ श्रावणात येणार. तोवर कापड मऊ व्हायला हवं, म्हणून ऐन एप्रिलात मी फ्लॅनेल घालून फिरायला जातो. मंडळींना सगळं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. एकाने हळूच विचारलं, "सुनेला सातवा लागलाय. वहिनी आमच्यासाठी एक बघतील का?"

घरी येऊन पंख्याखाली बटणं काढायला लागलो की ही म्हणते, "राहू द्या अंगावर. अजून कडक आहे."