पान्याचा पाव फेरा

सन २०२२. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि माझा जावई भूषण पस्तिशीचा. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून सुरतमध्ये भेस्तानच्या त्याच्या घरी एका कॉम्प्युटरला पाण्याच्या नळ्या जोडल्या. तो भूषण आता नाही. दीड महिना झाला. छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन कामावर गेला आणि दुपारी बसल्या जागी त्याने मान टाकली. फोन आला तेव्हा मी पांडेसऱ्यात न्हाव्यासमोर बसलो होतो, अर्धी दाढी झालेली. तसाच साबण पुसून रिक्षात बसलो. पोहोचलो तोवर त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती... आपल्या समाजाच्या या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहायची रीत आहे. भूषणबद्दल मला चांगलंच लिहायचंय, पण ते लिहायचं तर माझं वाईट आधी लिहावं लागतं. दुसरा रस्ता नाही.

मी धुळ्याकडचा, शाळा चौथीपर्यंत. सुरतला आलो आणि पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये अडतीस वर्षं वाफेच्या लाइनवर फिटर होतो. साड्या रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरपासून मशीनपर्यंत जेवढे सांधे असतात ते सगळे माझे. एक सांधा गळला तर माणूस भाजतो. माझ्या हाताखाली कोणी भाजलं नाही. याचा मला गर्व होता, आहे. भूषण साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायचा, घरीच, वरच्या पत्र्याच्या खोलीत. फाइल कधी पाठवणार म्हणून शेठ लोकांचा सारखा फोन, ‘भूषणभाई, फाइल क्यारे मोकलशो?’ आणि फाइल पाठवायच्या वेळीच मशीन तापून बंद पडायचं. मे महिन्यात त्या खोलीत पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा, तिथे बिचाऱ्या कॉम्प्युटरचं काय. मग तो कितीतरी महिने मोबाइलवर बघत बसला आणि एक दिवस म्हणाला, ‘मामा, मी याला पाण्याने गार करणार.’

मला हसू आलं. पण त्याने सगळे भाग चटईवर मांडून दाखवले तेव्हा मी खाली बसून एकेक हातात घेऊन पाहिला. छोटी टाकी, छोटा पंप, जाळीचा रेडिएटर, पंखे, आणि तांब्याचा एक ठोकळा, वर काचेसारख्या प्लॅस्टिकचं झाकण. तो ठोकळा मशीनच्या तापणाऱ्या चिपवर बसवायचा, पंपाने पाणी त्यातून फिरवायचं, गरम झालेलं पाणी रेडिएटरमध्ये गार करून परत टाकीत घ्यायचं. मी म्हणालो, ‘म्हणजे आमच्या बॉयलरच्या उलटं. आम्ही तापवायला नळ्या फिरवतो, तुम्ही थंड करायला.’ तो एवढा खूश झाला! ‘हेच, मामा! म्हणून तर तुम्हाला बोलावलं.’ खरं तर त्याला माझी गरज नव्हती. आठ वर्षांत मी त्याला कधी जवळ केलं नव्हतं. मला मिलमधला, हाताने काम करणारा जावई हवा होता आणि हा दिवसभर खुर्चीत बसणारा. ते त्याला कळत होतं. म्हणून बोलावलं.

पहिल्या सांध्यालाच आमची जुंपली. मी पिशवीतून सफेदा आणि ताग काढला. आटे असतील तिथे ताग गुंडाळून सफेदा लावायचा, मग पान्याने आवळायचं, हे माझ्या बोटांना झोपेतही येतं. तो म्हणाला, ‘मामा, याच्यात रबराची रिंग आहे. नुसतं हाताने आवळायचं. प्लॅस्टिक आहे, पान्याचं काम नाही.’

‘हाताने आवळलेला सांधा गळतोच, जावईबापू.’

‘नाही गळत. आपण तपासू ना.’

आणि त्याने खरोखर माझ्याहून जास्त तपासलं. मशीनची वीज तोडून फक्त पंप चालू ठेवला, प्रत्येक सांध्याखाली पांढऱ्या कागदाचे तुकडे ठेवले आणि पूर्ण चोवीस तास तसंच चालू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर सगळे कागद कोरडे. मिलमध्येही इतका धीर कोणी धरत नाही. मी तसं म्हणायला हवं होतं. ‘बरं आहे,’ एवढंच म्हणालो. तो चहा आणायला खाली गेला. मी त्या ठोकळ्यावरच्या सांध्याकडे बघत राहिलो. अडतीस वर्षं केलेलं काम एक पोरगा बोटांनी करून मोकळा झाला, हे मला सहन झालं नाही. पिशवीतून पाना काढला आणि पाव फेरा दिला. फक्त पाव. आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. मला तो आवाज कळला. फिटरला कळतो. पाना पिशवीत टाकला, तेवढ्यात तो चहा घेऊन वर आला आणि त्याने वीज जोडली.

तासभर मशीन असं चाललं की भूषण लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. मी तेव्हाही बोलू शकलो असतो... पाणी गरम झालं, झाकणाला गेलेला तडा फाकला आणि खालच्या कार्डावर धार लागली. जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. दिवाळीच्या सीझनची सगळी डिझाइनं त्या कार्डाखालीच बसवलेल्या डिस्कमध्ये होती. दुसरीकडे उतरवायला घेतली की मशीन बंद पडायचं, म्हणून नक्कल नव्हती. भूषणने सांध्यावरून अंगठा फिरवला. पान्याचे दात त्यावर स्पष्ट उठले होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात माझी मुलगी मनीषा धावत वर आली, ‘काय झालं? कसला वास?’

‘माझीच चूक,’ भूषण म्हणाला. ‘एक सांधा नीट बसला नाही.’

आमच्यात जावई सासऱ्याला खोटं पाडत नाही. पण सासऱ्यानेही जावयाच्या मागे लपायचं नसतं. मी काय म्हणालो माहीत आहे? ‘मी सांगत होतो, सफेदा लावा.’

शेठ लोक दुसऱ्याकडे गेले. भूषण बमरोलीला एका प्रिंट कारखान्यात मशीनवर लागला, बारा-बारा तास, तापलेल्या शेडमध्ये. मनीषा त्याला ऐकवायची, ‘मोबाइलवर बघून कोणी फिटर होतं का?’ आणि मी लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी खाताना सगळ्यांना किस्सा सांगायचो, ‘आमचे जावईबापू कॉम्प्युटरला आंघोळ घालतात!’ लोक हसायचे. भूषणही हसायचा आणि माझ्या ताटात तूप वाढायचा. या पुरवणीच्या वाचकांपैकी कितीतरी जणांनी तो किस्सा माझ्याच तोंडून ऐकला असेल. हे मी त्यांच्यासाठी लिहितोय. तो किस्सा खोटा होता.

मागच्या थंडीत त्याने जुने भाग जमवून पुन्हा मशीन बांधलं. सुट्टीच्या दिवशी मला बोलावलं. बाकी सगळं झालं होतं, एकच सांधा ठेवला होता. ‘मामा, हा तुम्ही आवळा.’ जरा थांबून म्हणाला, ‘हाताने.’ आवाजात टोमणा नव्हता, हे शपथेवर सांगतो. मी आवळला. तो म्हणाला, ‘बस्स, झालं.’ खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याने मला जागा करून दिली होती आणि मला ते कळलंही होतं. मी म्हणालो, ‘बघू, किती दिवस टिकतं.’ त्याने पंप चालू केला आणि कागदाचे तुकडे मांडायला घेतले. त्यानंतर आम्ही असे निवांत कधी बसलो नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. शेडच्या उष्णतेचं कोणी काही म्हणालं नाही. मी मात्र त्या शेडमध्ये रोज जाऊन येतो, मनातल्या मनात.

तेराव्याला जेवणं झाल्यावर आमच्या भावकीतला एक जण डोळे पुसत म्हणाला, ‘नाना, तुमचा तो आंघोळीचा किस्सा... काय दिलदार हसायचा हो भूषण त्याच्यावर.’ दोन-चार जण रडता रडता हसले. सगळे गेल्यावर मनीषा माझ्याजवळ येऊन बसली. ‘नाना, त्या मशीनवरून मी त्यांना फार बोलले. तीन वर्षं बोलत राहिले. ते एकदाही उलटून बोलले नाहीत.’ मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं सांगितलं तर तिला कळणार होतं की ती एका निर्दोष माणसाला बोलत होती. म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. घरी येताना रिक्षात कळलं की हेसुद्धा खोटं. मी माझ्यासाठी गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पांडेसऱ्याहून भेस्तानला पायी गेलो. मनीषा दारात पाणी मारत होती. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि आमच्या घरच्या बोलीत एका दमात सांगितलं, ‘मनी, तो सांधा मीच तोडा. मी पाना लावा व्हता. भूषणनी नही, मन्ही चूक व्हती.’

तिच्या हातातली बादली तशीच राहिली. मग तिने एकच विचारलं, ‘त्यांना माहीत होतं?’

‘व्हतं.’

ती आत गेली. दार लावलं नाही, आत या असंही म्हणाली नाही. मी चपला काढल्या आणि त्या ओल्या फरशीवर उभा राहिलो. फरशी वाळली, ऊन पायांवर आलं, शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, ‘काका, बसता का?’ मी नाही म्हणालो आणि उभा राहिलो.