लाल चेंडूचा ठसा

संस्थानं विलीन होऊ लागली तेव्हा राजेलोकांचं सामान लिलावात निघायचं. कुणी आरसे आणले, कुणी खुर्च्या. आमच्या वडिलांनी बिलियर्डचं टेबल आणलं. ते कापसाचे दलाल, खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हौस दांडगी. दगडाच्या पाच लाद्या, हिरवं कापड, काठ्या, खडू, ब्रश, गुण मांडायची लाकडी पाटी आणि तीन हस्तिदंती चेंडू, दोन पांढरे नि एक लाल, असं सगळं बैलगाडीतून बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, आमच्या दारात उतरलं, तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. राजाचा पलंग आला अशी आवई उठली. समोरच्या काकूंनी तर गादी कुठाय म्हणून विचारलंही.

आमची पुढची खोली त्या टेबलानेच भरून गेली. भिंतीच्या बाजूने खेळायचं तर काठी जवळजवळ उभी धरावी लागे. माझा थोरला भाऊ, मॅट्रिकच्या वर्गातला, तरीही तासन्‌तास खेळायचा. मला मात्र हात लावू द्यायचा नाही. "तुझे हात चिकट आहेत," म्हणायचा. ते खरंच होतं, पण राग यायचाच.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला विषमज्वर झाला. पुढच्या खोलीत वारा येई म्हणून टेबलाशेजारी कशीबशी त्याची खाट घातली. तापात त्याला लाल चेंडू हातात लागायचा, गार वाटतो म्हणून. तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तो गेला. त्याच्या मुठीतला चेंडू कुणीतरी काढून परत टेबलावर ठेवला. त्या माणसाचा मला फार राग आला होता. अजूनही येतो.

आमच्यात माणूस गेला त्या जागी दहाव्या दिवशी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलल्यावर पिठात गाईचं, पाखराचं, माणसाचं, ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला जीव गेला असं मानतात. आईचा सगळा जीव त्या टोपलीत अडकला होता. पोरगा चांगल्या जागी पोचला, एवढं तिला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी बायका मागच्या अंगणात गेल्या तेव्हा मी टोपली उचलली आणि लाल चेंडू पिठात ठेवला. त्याला तो हवा असणार, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. मी नऊ वर्षांची होते. मग पावलं वाजली, मी घाबरले, चेंडू काढून घेतला आणि फ्रॉकला पुसून जागेवर ठेवला.

सकाळी आत्याने टोपली उचलली. पिठात एक गोल खळगा होता.

"हे तं कोनाचंच पाऊल नाही ना वो," आत्या म्हणाली.

आईने खळग्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "तो गेलाच नाही," ती म्हणाली. "इथीच आहे." आणि दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. तिला जेवताना पाहून माझी बोलायची छातीच झाली नाही.

त्यानंतर टेबलावर कुणी खेळलं नाही. आई रोज कापडावरून ब्रश फिरवायची, काठ्या पुसायची आणि चार वाजता टेबलाच्या काठावर चहाचा कप ठेवायची. जमीन थोडी खचली होती, त्यामुळे कधीकधी एखादा चेंडू आपोआप सरकून दुसऱ्याला टेकायचा. खट्. आई हसायची. मी मागच्या दाराने पळायचे. खोटेपणा माझा होता, तो मलाच ठाऊक होता, आणि भीतीही मलाच वाटायची. एकटी असले की मी त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

पुढे प्रांतांची नव्याने वाटणी झाली. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, आमचे नातेवाईक एकेक करून जळगावकडे सरकले. वडिलांनीही तिकडे घर बघितलं. आई म्हणाली, "तुम्ही जा. मी त्याला एकलं सोडून येत नाही." वडील गेले नाहीत. शेवटपर्यंत त्याच घरात राहिले आणि त्या टेबलाला मनातल्या मनात शिव्या देत राहिले.

ते वारल्यावर आई एकटी पडली. माझं सासर जळगावचं. तिला घेऊन जायला मी आले, तर ती ऐकेना. मला वाटलं, खरं सांगितलं की मोकळी होईल. मोठी शहाणी मी! ती ब्रश फिरवत होती, तिथेच उभी राहून मी सगळं सांगितलं. टोपली, चेंडू, फ्रॉक, सगळं.

आईचा हात थांबला. ती रागावेल म्हणून मी मान खाली घालून उभी होते. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "मग माझं लेकरू गेलं कुठी?"